झोळीचं वजन

आमच्याकडे पाहुणे आले की चहा संपायच्या आत एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही तर यातल्याच. सांगा बरं, कूलर कोणता घ्यावा?" उन्हाळ्याआधी कूलर, दसऱ्याला फ्रीज, लग्नसराईत मिक्सर. मी सांगते की बाबांनो, कोणता घ्यावा ते मला माहीत नाही. दोन आणून द्या. एकाच खोलीत, एकाच दुपारी, एकाच नळाच्या पाण्यावर दोन्ही चालवते आणि मग त्या दोघांतला बरा कोणता ते सांगते. पाहुण्यांचं तोंड एवढंसं होतं. आमचे हे कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, त्यांना दिवसभर दुसरा उद्योग नाही. ते आतल्या खोलीतून म्हणतात, "मोजणीबाईंना विचारून उपयोग नाही हो. लग्नाच्या वेळी मलाही त्यांनी कोणाच्या तरी शेजारी उभं करून ताडून पाहिलं असेल." इतकी वर्षं झाली, विनोद तोच आहे आणि पाहुणे दर वेळी हसतात.

मी नागपुरातल्या एका खासगी तपासणी प्रयोगशाळेत उभा जन्म काढला. लोक यंत्रं आणून द्यायचे. वजनकाटे, तापमापक, रक्तदाबाची यंत्रं, पंखे, पंप, कूलर. आम्ही ती तपासायची, म्हणजे ती जे सांगतात ते खरं किती आणि एकापेक्षा दुसरं सरस किती, ते पाहायचं. बाहेरच्यांना वाटतं की आम्ही खोटं बोलणारी यंत्रं पकडतो. तसं काही नसतं. थोडंथोडं खोटं सगळीच बोलतात. पण रोज एकाच मापाचं खोटं बोलणारं यंत्र आमच्या लेखी सज्जन. माझ्या सासऱ्यांचं घड्याळ जन्मभर दहा मिनिटं पुढे होतं आणि त्यांची एकही गाडी चुकली नाही. भीती वाटते ती आज पुढे आणि उद्या मागे असणाऱ्याची. मग ते यंत्र असो की माणूस.

या धंद्यात दुसरा नियम असा की ताडून पाहायचं तर एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवायचं. बोलायला सोपं आहे. एक कूलरवाले गृहस्थ होते, त्यांचा हट्ट की माझा कूलर संध्याकाळीच तपासा. प्रतिस्पर्ध्याचा आम्ही भर दुपारी तपासला होता. मी म्हटलं, अहो, नागपुरात मे महिन्यात सूर्य मावळला की खिडकीसुद्धा कूलर होते. ते रागावून गेले. हिवाळ्यात त्यांनी संत्र्यांची करंडी पाठवली, ती मी परत केली. त्यावरून आमचे हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. नाकावर राग माझ्या आहे असं सगळे म्हणतात, पण संत्र्यांच्या बाबतीत त्यांच्या.

आणखी एक निवृत्त पोस्टमास्तर होते. धुतलेला सदरा, इस्त्रीची घडी, हातात रक्तदाबाचं यंत्र. दर महिन्याला यायचे आणि म्हणायचे, "घरी बरोबर दाखवतं, डॉक्टरांकडे जास्त दाखवतं. दोघांतलं एक खोटं." डॉक्टरांचं यंत्रही आम्ही मागवून पाहिलं. दोन्ही सख्ख्या भावंडांसारखी एक आकडा सांगत होती. शेवटी मलाच राहवेना, म्हणून मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा, आणि कंपाउंडर वर पोचल्या पोचल्या दंडाला पट्टा बांधायचा. पोस्टमास्तरांना मी म्हटलं, काका, वर गेल्यावर थोडा वेळ बाकावर बसत जा, मग दंड पुढे करा. ते यायचे थांबले. खरं सांगते, मला चुकल्यासारखं झालं. हा जिना लक्षात ठेवा, कारण तो मला एकदा ऐन वेळी आठवला नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. लहान मुलांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेला अंगणवाड्यांसाठी वजनकाटे घ्यायचे होते. जुना लटकता काटा बरा की नवा, आकडे दाखवणारा, ते गावात जाऊन, तिथल्याच लेकरांवर ताडून पाहायचं होतं. प्रयोगशाळेतल्या तरुण मंडळींना गावं नको होती. मी म्हटलं, मी जाते. सकाळच्या बसनं कुही, तिथून ऑटो, आणि मांडीवर मापांची पेटी. ती मापं चकचकीत असतात, त्यांना उघडा हात लावायचा नाही, हातमोजा घालूनच उचलायचं. बसमधल्या बायांना वाटायचं की पेटीत दागिने आहेत. मी पेटी अशी कवटाळून बसायची की त्यांचं काही चुकलंही नाही.

कुहीकडच्या एका गावाचं हे सांगते. नाव नाही सांगत. धानाचं गाव, होळी तोंडावर आलेली, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, कोरड्या पडलेल्या. अंगणवाडीची सेविका कुंदाताई, पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, बोलता बोलता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराचं नाक पुसणारी. गावातल्या एकूणएक लेकराचं वजन तिला तोंडपाठ. तिचा लटकता काटा तुळईला टांगलेला होता. तो असा असतो, वर घड्याळासारखी तबकडी, खाली अडकवायचा लोखंडी आकडा, त्या आकड्याला कापडी झोळी. आधी रिकामी झोळी लावायची, बाजूचा पेच फिरवून काटा शून्यावर आणायचा, मग लेकरू झोळीत ठेवायचं. झोळीचं वजन असं आधीच वजा झालेलं असतं. कुंदाताईच्या काट्याच्या पेचावर लाल रंगाचा ठिपका होता. तो पेच कोणी उगाच फिरवू नये म्हणून आमच्याच पेशातल्या कोणीतरी लावलेला. तो ठिपका पाहून मला बरंच वाटलं. म्हटलं, कोणीतरी शिस्तीचं येऊन गेलंय.

आयांची गर्दी ओसरली तरी एक मुलगी दाराशी उभी राहिली. प्रणाली तिचं नाव, पहिलटकरीण, कडेवर चार महिन्यांची पोर. तिची हकिकत कुंदाताईनं मला हळू आवाजात सांगितली. पोर जन्मली तीच लहानखुरी. थंडीभर दर महिन्याला वजन चढत गेलं आणि या महिन्यात काटा होता तिथेच राहिला, उलट केसभर मागे. प्रणालीच्या सासूनं, यमुनाबाईनं, ते ऐकलं आणि त्याच दिवशी ठरवलं की सुनेचं दूध पातळ आहे, पोरीच्या अंगी लागत नाही. कुहीहून दुधाच्या पावडरीचा डबा आणि बाटली आली. अंगावर पाजणं बंद. कुंदाताईनं समजावलं, नर्सबाईनं समजावलं, पण यमुनाबाईचं एकच, काटा काय म्हणते ते पाहा. बाटलीच्या दुधानं पोरीला जुलाब सुरू झाले, तर ती आणखी सुकली. कुंदाताई म्हणाली की आणखी आठवडाभर असंच चाललं तर आईचं दूध आटेल, मग कोणाच्या बापाला परत आणता येणार नाही.

प्रणाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं माझ्याकडे नाही, मापांच्या पेटीकडे पाहिलं.

"मॅडम, काटा चुकू शकते का?"

"चुकू शकतो. म्हणून तर मी आलेय."

"मंग याले नीट पाहा. मले दूध येते मॅडम. पदर भिजून राहिला माहा. पण काटा म्हणते, येत नाही."

मी त्या दिवशी जितक्या काळजीनं काटा तपासला तितक्या काळजीनं कधी तपासला नसेल. झोळी लावली, काटा शून्यावर. हातमोजे घातले, मापं एकेक करून झोळीत ठेवली, पुन्हा एकेक करून काढली. चढतानाही बरोबर, उतरतानाही बरोबर. नव्या काट्यावर तीच मापं, तोच आकडा. मग प्रणालीच्या पोरीला दोन्हींवर ठेवलं. दोन्ही काट्यांचं एकमत. त्या जुन्या काट्याचं वय पाहता मला खरं तर त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. मी मनातून देवाला म्हणत होते की थोडा तरी चूक रे बाबा.

"काटा बरोबर आहे, पोरी," मी म्हटलं.

ती 'बरं' म्हणाली. नुसतं 'बरं'. पोरीला कडेवर सावरलं आणि निघून गेली. कोर्टात निकाल लागल्यावर माणूस मुकाट उठतो, तशी. मला भयंकर वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी चिडते. कुंदाताईवर चिडले की चहा किती वेळचा सांगितलाय. पेटी बंद करताना बोट चिमटलं, तर पेटीवर चिडले. काटा पास झाला होता. माझं काम संपलं होतं.

कुंदाताई बिचारी म्हणाली, घरी चला, घरीच चहा करते. तिचं घर दोन दारं सोडून. अंगणात तुरीच्या काड्यांचं कुंपण आणि त्यावर धुऊन वाळत घातलेली एक लहानशी गोधडी. जांभळ्या लुगड्याची, काठाचा लाल पट्टा मधोमध, टाके इतके बारीक आणि सरळ की मी चहाची वाटही विसरले. माझ्या सुनेला तेव्हा दिवस गेले होते. मनात आलं, हिच्याकडून एक शिवून घ्यावी. सहज म्हणून ती गोधडी मी उचलली.

जन्मभर वजनं उचललेला हात आहे हा. भाजीवाल्यानं पाव किलो सांगून दिलेली मिरची मी हातात घेते आणि त्याच्याकडे नुसतं पाहते, तर तो आणखी चार मिरच्या टाकतो. गोधडी हातात आली आणि हात म्हणाला, अर्ध्या किलोच्या आसपास. मग मी तिची टोकं पाहिली. चारही टोकांना जाड नाड्या शिवलेल्या, आणि नाड्या एका लोखंडी कडीत अडकवलेल्या.

"ही काय आहे कुंदाताई?"

"झोळी आहे ना मॅडम. थंडीतली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मी तिथंच अंगणात उकिडवी बसले. कुंदाताई घाबरून पाणी घेऊन आली. मी तिला म्हटलं, पाणी राहू दे, आधी सगळं सांग.

तिनं सांगितलं. संस्थेनं दिलेली झोळी पातळ कापडाची. पौषात सकाळी ती बर्फासारखी होते. उघड्या लेकराला तीत टाकलं की ते असं किंचाळतं की आईचं काळीज फाटतं. थंडीत आया वजनाला लेकरं आणेनात. म्हणून तिनं तिच्या आईच्या लुगड्याची ही झोळी शिवली. लेकरं तीत टाकल्याबरोबर निजायची. त्या थंडीत एकही लेकरू वजनावाचून राहिलं नाही, हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. आता ऊन तापलं, म्हणून मागच्या महिन्याचं वजन झाल्यावर गोधडी काढली, पातळ झोळी परत लावली, आणि गोधडी धुवायला आज कुठे सवड मिळाली.

मी विचारलं, "आणि शून्य? रिकामी गोधडी लावली की काटा पुढे सरकलेला दिसत नव्हता?"

"दिसे ना. पण पेचाले लाल रंग लावून गेले साहेब. म्हणाले, याले हात लावाचा नाही. अन् काटा दाखवते तेच लिहाचं, आपल्या मनचं काही लिहाचं नाही. मी तेच लिहिलं मॅडम. काहून? चुकलं का?"

काय सांगणार होते मी तिला? दोन्ही नियम आमचे. पेचाला हात लावू नये, आणि काटा दाखवतो तेच लिहावं. हीच दोन वाक्यं मी स्वतः किती गावांत, किती दुकानांत, बोट नाचवून सांगितली होती. तिनं आमचं ऐकलं आणि लेकरांचंही ऐकलं. पोस्टमास्तरांचा जिना मला तेव्हा आठवला. यंत्र बरोबर होतं. यंत्राला काय टांगलंय, हे कोणी पाहिलं नव्हतं.

मी तिला धान्याचं उदाहरण देऊन समजावलं, की पोतं बदललं आणि पोत्याचं वजन वजा केलं नाही तर काय होईल. शेतकऱ्याची लेक ती, अर्ध्या वाक्यातच समजली. तिच्या हातातला पेला तसाच राहिला.

"म्हणजे प्रणालीची पोरगी..."

"वाढली. महिनाभर चांगली वाढली. गोधडी जेवढी उतरली, तेवढी पोरगी चढली. म्हणून काटा जागेवर दिसला."

तिनं पेला खाली ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "चला." मी म्हटलं, मी बोलते यमुनाबाईशी. तर म्हणाली, "नाही. झोळी माही आहे, मीच सांगीन." गावात राहायचं तिला होतं, मला संध्याकाळची बस होती. तरी ती पुढे चालली आणि मी काटा आणि गोधडी घेऊन मागे.

यमुनाबाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. उंच, हाडाच्या, कपाळावर मोठं गोंदण. आतून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता, बारीक, दमलेला. कुंदाताईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कुठेही लपवाछपवी नाही. यमुनाबाईंनी ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवून माझ्याकडे वळल्या.

"सकाळी तर तुम्हीच म्हणाल्या, काटा बरोबर आहे. माही सून येऊन सांगून गेली. आता म्हणता, वजन चुकलं. मी कोणत्या तोंडावर ईश्वास ठेवू?"

"मावशी, काटा आताही बरोबर आहे. झोळी बदलली होती."

त्यांना पटलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. सकाळी एक आणि दुपारी दुसरं बोलणाऱ्या यंत्राला मी स्वतः नापास करते. पडवीच्या तुळईला काटा टांगला. पातळ झोळी लावली, काटा शून्यावर. ती काढून रिकामी गोधडी लावली, काटा सरकला. त्या जवळ आल्या, तबकडीवर बोट ठेवून पाहिलं. तरी मान हलवली. मी पोरीला मागितलं, की तिला दोन्ही झोळ्यांत ठेवून दाखवते. तर म्हणाल्या, थांबा, ते लेकरू रडते, हलते, त्याचं खरं नाही. आत गेल्या आणि वरवंटा घेऊन आल्या.

वरवंटा पातळ झोळीत ठेवला. काटा पाहिला. मग स्वतःच्या हातानं गोधडी लावून वरवंटा तीत ठेवला. काटा पुढे गेला. पुन्हा पातळ झोळी, काटा मागे. पुन्हा गोधडी, काटा पुढे. प्रणाली पोरीला घेऊन दारात येऊन उभी होती. एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवायचं, हे त्या बाईला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मी मधे तोंड घातलं नाही, हे त्या दिवशी मी केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम.

"वरवंटा काही दूध पेत नाही," यमुनाबाई म्हणाल्या. स्वतःशीच म्हणाल्या. मग वरवंटा हळूच जमिनीवर ठेवला, जसा काही तोच तान्हा होता.

त्या सुनेकडे वळल्या. आता माफी मागतील की उलट चिडतील, काही कळेना. कुंदाताईनं माझा दंड धरला होता.

"बस वं आत. पाज तिले. मी दारात बसते, कोणाले येऊ देत नाही."

प्रणाली हलली नाही. तिला खरं वाटेना. सासूनं तिच्या पाठीवर हात ठेवून तिला आत लोटलं आणि दारात, आमच्याकडे तोंड करून, मांडी घालून बसल्या. आत पोर रडत होती. थोडा वेळ आणखी रडली, बाटलीची सवय लागलेली, तिला कळेना काय करावं ते. प्रणाली काहीतरी पुटपुटत होती. मग रडणं थांबलं. एवढं शांत झालं की सुपातल्या तांदळावर चोच मारणाऱ्या चिमण्या ऐकू आल्या, आणि त्यांना हाकलायला कोणी उठलं नाही.

यमुनाबाई पदराच्या टोकानं डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, "माही पहिली पोरगी अशीच होती. लहान. सारे म्हणत, होईल मोठी, होईल मोठी. सुकत सुकत गेली, अन् मले समजलं नाही. तवा गावात काटा नव्हता. काटा असता तर समजलं असतं, असं मले जन्मभर वाटलं. म्हणून यावर ईश्वास ठेवला बाई. डोयापेक्षा जास्त ठेवला."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्यांच्या सुपातले तांदूळ निवडायला लागले. त्यांना खाष्ट सासू समजून मी मनातल्या मनात एक भाषण तयार करून आणलं होतं. ते तांदळातल्या खड्यांसोबत टाकून दिलं.

संध्याकाळची बस मी सोडली. सगळी लेकरं पुन्हा गोळा केली आणि पेटीतल्या मापांवर काटा तपासून पातळ झोळीत त्यांची वजनं घेतली. थंडीतले सगळे आकडे तेवढ्याच वजनानं फुगलेले होते, म्हणजे काही लेकरं त्या आकड्यांत बरी दिसली आणि खरी बरी नव्हती. दोन पोरं तशी निघाली. कुंदाताई दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन कुहीच्या दवाखान्यात गेली, पुढे कित्येक आठवडे स्वतःच्या घरचं अंडं खाऊ घालत राहिली आणि दोन्ही सावरली. पण ती मला म्हणाली, "मॅडम, मी त्यायले ऊब देली अन् त्यायची भूक झाकली." मी तिला सांगितलं की तू झोळी शिवली नसतीस तर थंडीत ती लेकरं काट्यापर्यंत आलीच नसती, आणि लाल ठिपका आमचा होता. तिला ते कितपत पटलं कोण जाणे. मला स्वतःलाही अर्धंच पटलं.

नागपूरला येऊन अहवाल लिहायला बसले. अहवालाला ठरलेले रकाने असतात. जुना काटा, नवा काटा, अचूकता, फरक, शेरा. झोळीला रकाना नाही. मी शेऱ्यात झोळीचं सगळं लिहिलं, ते पानभर झालं. प्रयोगशाळेतल्या आमच्या साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, अहो, आपल्याला यंत्र तपासायला सांगितलंय, कापड नाही. मी म्हटलं, साहेब, लेकरू यंत्रात ठेवत नाहीत, कापडात ठेवतात. आमचं चांगलंच वाजलं. शेवटी पानभराच्या दोन ओळी झाल्या. त्या दोन ओळी मात्र मी कोणाला खोडू दिल्या नाहीत. रोज वजनाआधी रिकाम्या झोळीवर शून्य करावं, पेचाला रंग लावू नये. दोन ओळींसाठी इतकं भांडण मी माझ्या पगारवाढीसाठीही केलं नव्हतं.

संस्थेनं नवे काटे घेतले. त्यांना झोळी नसते, लेकरू सपाट ताटावर झोपवायचं असतं. कुंदाताईचा फोन आला तेव्हा मी आधी तेच विचारलं, की ताट गार लागत असेल ना. ती हसली. म्हणाली, गोधडी अंथरते ना मॅडम. पहिले गोधडी, मंग शून्याचं बटण, मंग लेकरू. मी फोन ठेवला आणि यांना सांगितलं की आज मला पगारवाढ मिळाली.

आता मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी दारावरची बेल वाजली. प्रणाली आली होती, नागपुरात दिराच्या लग्नाची खरेदी करायला, आणि बरोबर तिची लेक, दोन शेंड्या बांधलेली, पायात वाजणारे बूट. यमुनाबाईनं माझ्यासाठी नव्या तांदळाची पिशवी दिली होती आणि कुंदाताईनं माझ्या नातीसाठी गोधडी. नात तिसरीतून चौथीत जाईल तरी तिला पुरेल एवढी मोठी. मी घडी उलगडली. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं काहीतरी भरलेलं होतं. डोळ्याला चष्मा लावून वाचलं, तर गोधडीचं वजन. प्रणाली म्हणाली, कुंदाताई आता काहीही शिवते त्याच्यावर वजन घालते. दुपटं असो, टोपडं असो. गाव हसते, पण ती ऐकत नाही.

हे बोलत असताना तिची लेक घरभर फिरत होती. आमच्या बैठकीच्या कोपऱ्यात माणसांचा वजनकाटा आहे, माझा स्वतःचा, दर सहा महिन्यांनी तपासलेला. त्यावर कोणी चपला घालून चढलं तर मी ओरडते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ती पोर वाजणाऱ्या बुटांसकट त्यावर चढली आणि ताठ उभी राहिली. प्रणाली "उतर वं" म्हणत उठली. मी तिला हातानं थांबवलं.

"आजी, मी किती भरली?" पोरीनं विचारलं.

मी जवळ गेले. काटा खाली होता, चष्मा डोळ्याला होता, आकडा स्पष्ट दिसत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तिचे गाल पाहिले.

"भरपूर," मी म्हटलं.

आतल्या खोलीतून आवाज आला, "मोजणीबाई, भरपूर म्हणजे नक्की किती?"

मी खाली वाकले. पोरीला तशीच, बुटांसकट, उचलून घेतलं. जड होती.